कोकणात गाडी पासिंगला नेताना: गंज, ब्रेक आणि चेसिस नंबर

खाडीकाठ
पावसाच्या तोंडावर ज्यांचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, येतं त्यांच्यासाठी हा धागा. घाटावरच्या गाडीची तयारी आणि खाऱ्या हवेतल्या गाडीची तयारी सारखी नसते. इथे इंजिन ठणठणीत असतं, पण खालचा पत्रा, ब्रेकचे पाइप आणि दिव्यांची अर्थिंग गेलेली असते. गाडी परत पाठवतात ती बहुधा याच तीन कारणांनी.

उदाहरण समोर असावं म्हणून एक ठरवून घेऊ: 9 वर्षांचा छोटा डिझेल टेम्पो, मासळी आणि बर्फाची वाहतूक, फिटनेस जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतो. सोबत तीनचाकी रिक्षाचंही येऊ द्या. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते आकड्यांसकट लिहावं, म्हणजे मिस्त्रीकडे जाताना दाखवता येईल.

अर्ज_आधी
आधी मुदतीचा घोळ मिटवतो. व्यवसायाच्या गाडीला पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी फिटनेस, 8 वर्षं पूर्ण झाली की दर वर्षी. म्हणजे वरच्या टेम्पोला आता वर्षाला एकदा जाणं आलंच.

कागद: आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, परमिट, कर भरल्याची नोंद. एकूण वजन 3000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोट्या टेम्पोवाल्यांनी त्यासाठी धावपळ करू नये. 8 वर्षांवरच्या व्यवसायाच्या गाडीला पर्यावरण कर असतो, तो राहिलेला असला की अर्ज तिथेच अडतो. थकलेली ई-चलनं आधी पाहून घ्या. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसवलेली हवी.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. गाडी घेताना एजंटाचा नंबर दिलेला असेल तर तो आधी बदलून घ्या, यात चार दिवस जातात. मग फी आणि अपॉइंटमेंट.

मुदत उलटल्यावर दिवसाला 50 रुपये जादा फी ही तरतूद डिसेंबर 2016 पासून नियमात आहे. महाराष्ट्रात 2024 मध्ये रिक्षा-टॅक्सी संघटनांच्या आंदोलनानंतर सरकारने त्या वसुलीला स्थगिती दिली होती. अर्ज भरताना पोर्टल जी रक्कम दाखवतं तीच धरा, चहाच्या टपरीवरचा आकडा धरू नका. दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की फिटनेस नसलेली गाडी कायद्याने नोंदणी नसल्यासारखीच धरतात. अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते.

लोखंडकाम
गंजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण याला वेळ लागतो आणि लोक नेमकं हेच शेवटच्या आठवड्यावर टाकतात. जूनचं पासिंग असेल तर पत्र्याचं काम एप्रिलमध्येच सुरू करा. मेअखेरीस हवेत इतका दमटपणा असतो की प्रायमर नीट वाळत नाही, आणि ओलसर पत्र्यावर मारलेला रंग पुढच्या पावसात फुगून सुटतो.

मासळीच्या टेम्पोत बर्फ वितळून जे खारं पाणी गळतं ते हौद्याच्या फटींतून खालच्या आडव्या पट्ट्यांवर साचतं. वरून हौदा चांगला दिसतो. गाडी रॅम्पवर घेऊन प्रत्येक आडवी पट्टी, केबिनची फ्लोअर, पायऱ्या, चाकांवरच्या कमानी आणि पाट्यांचे ब्रॅकेट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला पचकन आवाज करतो आणि टोक आत जातं. रिक्षाला बघायच्या जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर, बॅटरीची पेटी, मागच्या सीटखालचे कोपरे आणि सायलेन्सर टांगलेले ब्रॅकेट.

भोक दिसलं की पुट्टी भरू नका. सडका भाग पूर्ण कापायचा, चांगलं लोखंड लागेपर्यंत. फ्लोअरला 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिमी, भार येणाऱ्या जागी 18 गेज म्हणजे 1.2 मिमी पत्रा. पातळ पत्र्याला साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडतात, सीओटू वेल्डिंगवाला शोधा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढाच. बीएस-6 गाडीत ती तशीच ठेवली तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. डिझेलची टाकी किंवा सीएनजीची लाइन जवळ असेल तर आधी ती सोडवायची.

वेल्डिंगनंतर झिंक प्रायमरचे दोन हात, सांध्यांना सीम सीलर, मग खालून अँटी-रस्ट कोटिंग. पाणी जायची भोकं बुजवू नका. कोटिंग मारणारे घाईत ती भरून टाकतात आणि पाणी आतच राहून पत्रा आतून सडतो.

चेसिसच्या लांब बीमला तडा असेल तर मात्र गल्लीतल्या वेल्डरकडे जाऊ नका. बीमच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग केलं किंवा भोक पाडलं की भार आला की पुढचा तडा तिथूनच सुटतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा.

दर्याकाठचो
खारो वारो पत्र्याक खाता ह्यां खराच. आमच्याकडे इंजिनाचां जुनां काळां ऑइल चेसिसाक फासतत. स्वस्त पडता. चलात काय?

लोखंडकाम
@दर्याकाठचो, नको. काळ्या ऑइलने ब्रेकचे रबरी होज, बुश आणि धूळ-टोप्या फुगतात. उन्हात ते पातळ होऊन ड्रमच्या मागच्या प्लेटवर उतरलं तर लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचा घासणारा थर, कामातून गेले. त्यावर लाल माती बसून जाड थर होतो, त्याच्याखाली ओल धरते आणि गंज वाढतच जातो. निरीक्षकालाही खालचं काही दिसत नाही, मग तो धुऊन आणा म्हणतो. शिवाय पावसात ते ऑइल रस्त्यावर आणि शेतात जातं.

त्यापेक्षा मासळीची प्रत्येक खेप उतरली की हौदा आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी चालणार नाही. रोज दहा मिनिटांचं काम आहे, पण पत्र्याचं आयुष्य याच्यावर ठरतं.

खाडीकाठ
चेसिस नंबर गंजाने खाल्ला असेल तर? हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या गाडीला येतो.

पेन्सिलछाप
यावर मी लिहितो. बऱ्याच छोट्या टेम्पोंना नंबर उजव्या बाजूच्या लांब बीमवर पंच केलेला असतो. नेमकी जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती जागा चिखल आणि गंजाच्या पापुद्र्याखाली झाकलेली असते आणि निरीक्षकासमोर लोक पान्याने खरवडायला लागतात. तिथेच नुकसान होतं.

घरी असं करा. त्या जागेवर रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवा. सकाळी पितळी तारांच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, लोखंडी ब्रश नको. ग्राइंडर तर मुळीच नको. ग्राइंडरची खूण दिसली की नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो आणि मग गाडी कागदांत अडकते. उरलेला गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. आता टॉर्च समोरून न धरता बाजूने, बीमला जवळजवळ टेकवून धरा. पंच केलेल्या आकड्यांच्या कडांची सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना सपाट वाटणारा नंबर उठून येतो. पातळ कागद दाबून धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, छाप उमटेल. तो छाप आरसीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा.

17 अक्षरांच्या चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. म्हणून गोल दिसलं तर ते शून्य, उभी रेघ दिसली तर तो एक. अर्धवट खाल्लेला नंबर वाचताना याचा फार उपयोग होतो.

छाप आला की त्या जागेवर पारदर्शक लॅकरचा हात द्या आणि वर ग्रीस लावा. पासिंगच्या दिवशी ग्रीस पुसली की काम झालं. काळा रंग मारून जागा झाकू नका.

नंबर वाचताच येत नसेल तर पंचवाल्याकडून परत ठोकून आणणं हा गुन्ह्याचा मामला होऊ शकतो. आधी आरटीओत लेखी अर्ज, गाडी आणि कागद तपासून त्यांचा आदेश, मगच त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा पंचिंग आणि त्याची नोंद. यात आठवडे जातात, म्हणून नंबर आजच बघा.

घाटउतार
आता ब्रेक. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पासिंगसाठी 250 मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक लागतो, त्यामुळे गाडी ट्रॅक असेल तिथेच न्यावी लागते. जिथे स्वयंचलित तपासणी केंद्र आहे तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. ट्रॅकवर डावं-उजवं थोडं कमी-जास्त खपूनही जाईल, रोलरवर लगेच पकडलं जातं.

पहिली परीक्षा घरीच. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडरची सील किंवा कुठेतरी गळती. स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. दोन-तीनदा पंप केल्यावरच वर येत असेल तर शू आणि ड्रममध्ये अंतर जास्त आहे.

मग चारही ड्रम उघडा, रिक्षाचे तीन. आपल्याकडे व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजाने जाम होतो, हा खास किनाऱ्याचा आजार. धूळ-टोपी उचलून बघा. आत ओल दिसली तर सील गेली, लाल भुकटी दिसली तर पिस्टन अडकतोय. एका बाजूचा पिस्टन अडकला की गाडी ब्रेक मारताच दुसऱ्या बाजूला ओढते. नुसतं सीलचं किट टाकून भागत नाही, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पडले असतील तर अख्खा सिलिंडर बदला.

लायनर: रिव्हेटवाले असतील तर रिव्हेटचं डोकं पृष्ठापासून 1 मिमीच्या आत आलं की बदला. आंबा, कुंभार्ली, करूळ अशा घाटांतून माल भरून उतरणाऱ्या गाड्यांचे लायनर जाड असूनही काचेसारखे चकचकीत होतात आणि पकड सोडतात. ते 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करून घ्या. ड्रममध्ये नखाला लागेल अशी चर असेल तर लेथवर टर्न करा, पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो त्याच्यापुढे जाऊ नका.

लोखंडी ब्रेक पाइप बोटाने चाचपून बघा. क्लिपखाली हमखास गंजतात, कारण तिथे खारी माती अडकून बसते. पापुद्रा निघाला की तो पाइप बदला, रंग मारून ठेवू नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणातली हवा तर बारा महिने ओली. डॉट 3 दर्जाचं ऑइल नवीन असताना कमीत कमी 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चं 230 वरून 155. घाटात पेडल एकदम खाली जातं ते यामुळेच. 2 वर्षांनी पूर्ण ऑइल बदला. मास्टर सिलिंडर उजवीकडे असेल तर हवा काढताना सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टाकीतलं ऑइल मध्येच संपू देऊ नका, परत हवा शिरते.

तीनचाकी
नवे लायनर टाकल्यावर गाडी एका बाजूला ओढते, असं बऱ्याच रिक्षांचं होतं. कारण काय असतं?

घाटउतार
तीन कारणं, याच क्रमाने तपासा. एक, अॅडजस्टर दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. चाक उचलून शू ड्रमला घासेपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतकंच सोडा. दोन, एका बाजूच्या लायनरला ग्रीस किंवा एक्सलचं ऑइल लागलंय. पेट्रोलने धुऊन ते जात नाही, लायनरमध्ये मुरतं. आधी ऑइल सील बदला आणि मग लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. तीन, टायरची हवा कमी-जास्त.

नवे लायनर बसायला 150-200 किमी तरी गाडी चालायला हवी. आदल्या दिवशी लायनर टाकून ट्रॅकवर गेलात तर ब्रेक नवा असूनही गाडी उशिरा थांबते.

हँडब्रेकची केबलही खाऱ्या हवेत आवरणाच्या आत जाम होते. चढावर उभी करून बघा. ग्रीस घालून ती दोन-चार दिवसच चालते, बदला.

वायरमन
दिव्यांत बल्ब जाणं हा किरकोळ भाग. खरी भानगड अर्थिंगची. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा पार्किंग लावलं की ब्रेक लाइट मिणमिणते, तर बल्ब बदलत बसू नका. मागच्या दिव्याची अर्थ वायर बॉडीला जिथे नट लावून बसवलीय तिथे गंज आहे. नट काढा, पत्रा चमकेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल नवं घाला, आवळा, वरून पेट्रोलियम जेली फासा. हेच होल्डरच्या आतल्या हिरव्या झालेल्या पितळी पट्टीला.

इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा कमी वॅटचा लावलाय. मागच्या नंबरपाटीवरचा पांढरा दिवा कोणी बघत नाही, तो बघा.

हेडलाइट: सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंमी खाली हवी. जास्तीच्या एलईडी पट्ट्या आणि मल्टी-टोन हॉर्न आधीच काढून ठेवा. वरून तोडलेल्या वायरी लोंबत ठेवू नका, त्याही शॉर्ट होतात.

अर्ज_आधी
बाकीच्या गोष्टी भराभर लिहितो.

टायरची नक्षी: तीनचाकीला कमीत कमी 0.8 मिमी, चारचाकीला 1.6 मिमी. स्टेपनीही दाखवावी लागते.

स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे चाकं न वळता ते जितकं मोकळं फिरतं ते, 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही. घड्याळाच्या तबकडीवर एका तासाचं जेवढं अंतर तेवढं. त्यापेक्षा जास्त फिरत असेल तर टाय रॉड एंड आणि स्टिअरिंग बॉक्स बघा. रिक्षाच्या हँडलला प्ले असेल तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) बघा.

परावर्तक टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. एआयएस-090 या मानकाची टेप घ्या आणि तिचं प्रमाणपत्र सांभाळून ठेवा. गंजलेल्या किंवा ओल्या पत्र्यावर ती चिकटत नाही, म्हणून पत्र्याचं काम आधी आणि टेप शेवटी.

वेगनियंत्रक तीनचाकीला लागत नाही. टेम्पोला 80 किमीचा, डंपर-टँकर आणि स्कूल बसला 60 चा. रिक्षाला मीटर असेल तर वैध मापन विभागाचा चालू शिक्का. प्रथमोपचार पेटी, वायपरचं रबर, आरसे, रिक्षाच्या उजव्या बाजूची दांडी, टेम्पोवर लिहिलेली वजनं.

लालमाती
धुराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चिऱ्यांच्या खाणीवर चालणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर लाल मातीने कोंदतो आणि तिथूनच काळा धूर सुरू होतो. डिझेल गाडीच्या धुराच्या घनतेची मर्यादा बीएस-4 ला 1.62 प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना 2.45. आधी फिल्टर बदला, मग नोझल तपासा. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करणं हा उपाय नाही, गाडी चढाला मरते.

पीयूसीला जायच्या आधी गाडी 15-20 मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिन जास्त धूर ओकतं. तासभर आयडलवर उभी ठेवून लगेच टेस्ट दिली तर साचलेली काजळी एकदम बाहेर येते.

सीएनजी गाडीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर 3 वर्षांनी. तारीख पाटीवर असते. सिलिंडरच्या पट्ट्यांखालचा गंज जरूर बघा, पट्टी आणि सिलिंडरमधलं रबर निघालेलं असलं की तिथे ओल धरते.

माडबन_कार
खाजगी कारला हे सगळं लागतं का?

अर्ज_आधी
दरवर्षी नाही. खाजगी गाडीला नोंदणीपासून 15 वर्षांनी. फॉर्म 25, मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आत अर्ज करता येतो, पास झाली की 5 वर्षं. गंज आणि चेसिस नंबराचं वर जे लिहिलंय ते 15 वर्षांच्या कारला तर जास्तच लागू.

खाडीकाठ
पासिंगच्या दिवशी पाऊस असेल तर काय करावं?

घाटउतार
समुद्राजवळ रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमला सकाळी गंजाचा पातळ पापुद्रा असतो. त्यात पाऊस लागला की पहिले दोन-तीन ब्रेक घसरतात, आणि तेच नेमके ट्रॅकवर मारले जातात. म्हणून घरून निघाल्यावर वाटेत, मागे गाडी नसेल अशा जागी, 8-10 वेळा मध्यम जोराने ब्रेक मारून घ्या. आवाराच्या अलीकडे शेवटचे शंभर-दोनशे मीटर पेडलवर पाय हलका टेकवून गाडी चालवा, म्हणजे लायनर गरम होऊन सुकतात. मग रांगेत इंजिन बंद करून तासभर पाणी झेलत उभे राहू नका, जमल्यास छपराखाली थांबा. गाडी रिकामी आणा, हौद्यात टब, दोर, बर्फाचा भुसा काही नको. टायरची हवा सकाळी थंड असताना भरा.

गाडी नापास झाली तर तोंडी कारण ऐकून परतू नका. फिटनेस नाकारताना कारण लेखी देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्या आणि तोच मिस्त्रीच्या हातात द्या. नुसतं "ब्रेक नाही" सांगण्याऐवजी "मागचं डावं चाक कमी धरतं" असं कळलं की मिस्त्रीचा अख्खा दिवस वाचतो.